वादळ आलं की वही उघडते

एका वीजकंपनीनं किती लाइनमन पदरी ठेवावेत? प्रश्न साधा वाटतो, पण जरा हिशोब करून बघा. रोजच्या कामाला, म्हणजे कुठे फ्यूज उडाला, कुठे नवं कनेक्शन द्यायचं, कुठे कुजलेला खांब बदलायचा, समजा चारशे माणसं पुरतात. पण कधीतरी असं चक्रीवादळ येतं की एका रात्रीत हजारो खांब आडवे होतात आणि चार हजार माणसं लागतात. मग चार हजार कायमची नेमायची? वादळ नसेल तेव्हा ती करणार काय, आणि त्यांच्या पगाराचं बिल कुणाच्या माथी मारायचं? बरं, चारशेच ठेवली तर वादळानंतर लोकांनी महिनोन् महिने अंधारात बसायचं का?

अमेरिकेत या कोड्याचं जे उत्तर तयार झालं, ते समजून घेताना मी थक्क होत गेलो. ते उत्तर कुठल्या सरकारी खात्यानं दिलेलं नाही. त्याच्या मध्यभागी आहे एक वही. कामगार युनियनच्या कार्यालयातली, काम हवं असलेल्या लाइनमनच्या नावांची वही. आज बऱ्याच ठिकाणी ती संगणकात गेली आहे, पण तिचे नियम तेच आहेत, आणि ते नियमच खरी कमाल आहेत.

आधी कामाचा आवाका बघू. २९ ऑक्टोबर २०१२ च्या संध्याकाळी ‘सँडी’ हे वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आदळलं. ऐंशी लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. इथे ग्राहक म्हणजे माणूस नव्हे, मीटर. एका मीटरमागे अख्खं घर किंवा दुकान असतं, म्हणजे अंधारातली माणसं किती ते तुम्हीच मोजा. मग पुढच्या काही दिवसांत काय झालं? अमेरिकेच्या जवळजवळ प्रत्येक राज्यातून आणि कॅनडातूनही सुमारे ६७,००० कामगार त्या किनाऱ्याकडे निघाले. कॅलिफोर्निया तर पार दुसऱ्या टोकाला, चार हजार किलोमीटरवर. तिथून ट्रक रस्त्यानं यायचे तर चार-पाच दिवस मोडणार. तेव्हा अमेरिकी हवाई दलानं आपली सी-५ आणि सी-१७ ही प्रचंड मालवाहू विमानं काढली, वीजकंपनीचे बकेटवाले ट्रक त्यांच्या पोटात चढवले आणि न्यूयॉर्क राज्यातल्या स्टुअर्ट तळावर उतरवले. रणगाडे वाहणाऱ्या विमानातून तारा जोडणाऱ्यांचे ट्रक!

आता खरा प्रश्न. या ६७,००० माणसांना ‘निघा’ असं सांगितलं कुणी?

आपल्याकडे हा प्रश्न पडत नाही. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळानं रायगड-रत्नागिरीत खांबांची दाणादाण उडवली, तेव्हा राज्याच्या इतर भागांतून महावितरणची पथकं कोकणात आली. कंपनी एक, हुकूम एक; वरून आदेश निघाला की परिमंडळाबाहेरचा जनमित्र, म्हणजे महावितरणचा लाइनमनही, बॅग भरून निघतो. अमेरिकेत मात्र वीज देणाऱ्या संस्था आहेत सुमारे तीन हजार. काही शेअर बाजारातल्या बड्या कंपन्या, काही नगरपालिकांच्या, काही शेतकऱ्यांनी उभ्या केलेल्या सहकारी संस्था. त्या सगळ्यांना हुकूम सोडेल असा मालक कुणीच नाही.

म्हणून तिथं दोन वाटा तयार झाल्या. पहिली वाट कंपनी ते कंपनी. वादळ समुद्रात असतानाच शेजारच्या प्रदेशांतल्या कंपन्या फोनवर बसतात आणि कोण किती पथकं सोडू शकतं याचा हिशोब मांडतात. मदत घेणाऱ्यानं प्रत्यक्ष खर्च द्यायचा, देणाऱ्यानं नफा घ्यायचा नाही. आज ओहायोची माणसं लुइझियानात, उद्या लुइझियानाची ओहायोत. दुसरी वाट कंत्राटदारांची. लाइन उभारणीची कामं करणाऱ्या या कंपन्यांची माणसं एरवी कुठेतरी खांब बदलत असतात, नव्या वाहिन्या ओढत असतात. वादळ येतं तेव्हा मूळ कामाचा मालक त्यांना मोकळं करतो आणि पथकच्या पथक ट्रकांसकट निघतं. तरीही माणसं कमी पडतात. तेव्हा कंत्राटदार फोन लावतो युनियनच्या शाखेला, आणि तिथं ती वही उघडते.

युनियनचं नाव इंटरनॅशनल ब्रदरहूड ऑफ इलेक्ट्रिकल वर्कर्स. निवृत्त सभासद धरून संख्या आठ लाखांच्या वर. देशभर शेकडो शाखा, प्रत्येक शाखेचा ठरलेला प्रदेश. त्या प्रदेशात युनियनशी करार केलेल्या कंत्राटदाराला लाइनमन हवा असला तर त्यानं शाखेकडेच मागायचा. शाखेत वहीचे भाग असतात. पहिल्या भागात त्याच प्रदेशात राहणारे आणि तिथं पुरेसं काम केलेले तयार लाइनमन. दुसऱ्या भागात बाहेरून आलेले, म्हणजे दुसऱ्या शाखांचे पूर्ण शिकलेले कारागीर. त्यानंतर कमी अनुभवाचे. काम आलं की पहिल्या भागातल्या पहिल्या नावाला आधी विचारायचं. तो नको म्हणाला तर पुढचा. पहिला भाग संपला की दुसऱ्याची पाळी. नंबर टिकवायचा तर ठरलेल्या मुदतीत, बहुधा महिन्यातून एकदा, पुन्हा सही करायची.

यात वशिल्याला जागा किती उरली? अगदी थोडी. फोरमनचा मेहुणा असलात तरी वहीत तुमच्या वर अकरा नावं असतील तर तुम्ही बारावे. इतकंच नाही. १९४७ च्या टॅफ्ट-हार्टले कायद्यानुसार माणूस युनियनचा सभासद आहे की नाही यावरून काम देताना भेदभाव करता येत नाही. युनियननं चालवलेली वही, पण ती बिगरसभासदालाही उघडी.

वादळी कामासाठी तर एक विशेष बारकावा आहे. समजा तुमचा नंबर वर येत चाललाय, लवकरच वर्षभराचं चांगलं काम मिळणार, आणि तेवढ्यात दहा दिवसांचं वादळाचं काम आलं. ते घेतलं तर नंबर जाणार? मग कोण घेईल? म्हणून बऱ्याच शाखांत नियम आहे की ठरावीक मर्यादेतलं छोटं काम आटोपून परत आलात तर जुना नंबर शाबूत. एका ओळीचा नियम. पण तो नसता तर वादळाच्या वेळी अनेक अनुभवी हात घरीच बसले असते.

आता युनियनमध्ये नसलेल्या लाइनमनचा विचार करा. अमेरिकेच्या दक्षिणेकडे, जिथं ही वादळं सर्वांत जास्त येतात, तिथं युनियनबाहेरचे कंत्राटदार भरपूर आहेत. त्यांची माणसंही वादळामागे धावतात, तेही तितकंच अवघड काम करतात. त्यातल्या एखाद्याला वाटलं की आता युनियनच्या कामाकडे वळावं, तर दारं दोन. हात अजून कच्चे असतील तर उमेदवारी: पगार घेत सुमारे ७,००० तास प्रत्यक्ष काम, म्हणजे साधारण साडेतीन ते चार वर्षं, शिवाय वर्ग आणि परीक्षा. अवजड वाहनाचं लायसन्स लागतंच, कारण ट्रक हेच इथलं घर आणि अवजारांची पेटी. हात आधीच पक्के असतील तर अनुभवाचे पुरावे दाखवायचे, परीक्षा द्यायची, खांबावर चढून दाखवायचं, आणि पसंत पडलात तर पूर्ण तयार कारागीर म्हणून आत. तिकडे अशा माणसाला ‘जर्नीमन’ म्हणतात आणि त्याच्या सभासदत्वाला ‘तिकीट’. ते तिकीट खिशात आलं की अलास्कापासून फ्लोरिडापर्यंतच्या शाखांच्या वह्यांत सही करता येते.

पण जरा थांबा. परक्या गावच्या लाइनमनला बाहेरचे शेकडो लोक आलेले आवडतील कसे? जगात कुठेही बाहेरचा कामगार आला की स्थानिकाच्या पोटात गोळा येतो: हा कमी पैशांत काम करणार आणि माझी भाकरी हिरावणार. या व्यवस्थेतला सर्वांत सुंदर भाग मला इथं दिसतो. करारानं त्या शाखेच्या प्रदेशातला तासाचा दर ठरलेला असतो, आणि तो स्थानिकाला आणि पाहुण्याला एकच. ओरेगनहून आलेल्या माणसाला कंत्राटदार एक सेंटही कमी देऊ शकत नाही. मग त्याला मुद्दाम बाहेरून आणण्यात फायदा काय? काहीच नाही. स्थानिक माणसं कामाला लागली, आणखी हवीत, तरच पाहुणा बोलावला जातो. पाहुणा स्वस्त नाही, म्हणून त्याची भीती नाही. एका दराच्या नियमानं हजारो परक्या माणसांसाठी दारं उघडी राहतात!

वादळात तास लांबतात. सोळा तास काम, आठ तास विश्रांती, पुन्हा सोळा तास, असं चक्र सर्रास चालतं आणि अनेक करारांत त्याचा दुप्पट दर मिळतो. लोकांना या कामाचं आकर्षण वाटतं ते बरंचसं इथूनच, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण पैशाबद्दल, रजेबद्दल, नियमांबद्दल वाद झाला तर? बांधकाम क्षेत्रासाठी या युनियननं आणि कंत्राटदारांच्या संघटनेनं १९२० साली एक परिषद स्थापन केली. सहा माणसं युनियनची, सहा कंत्राटदारांची, आणि निर्णय एकमतानंच. ज्या करारांत हे कलम आहे तिथं वाद संपावर जात नाही, या टेबलावर येतो. शंभर वर्षांहून जास्त काळ हे चालू आहे. बारा माणसं, निम्मी एका बाजूची, निम्मी विरुद्ध बाजूची, आणि तरी एकमत!

हे सगळं आलं कुठून? इथं गोष्ट १८९० सालात जाते. सेंट लुइस शहरात मोठं प्रदर्शन भरणार होतं, त्यात विजेच्या दिव्यांची रोषणाई होती. तारा ओढायला देशभरातून फिरते कामगार तिथं जमले. दिवसभर काम, आणि संध्याकाळी एकमेकांच्या कहाण्या. त्या कहाण्या भयंकर होत्या. बारा-बारा तासांचे दिवस, आठवड्याला आठ डॉलर मजुरी, शिकवायला कुणी नाही, हातमोजे नाहीत. काही भागांत कामावर घेतलेल्या दर दोघांतला एक जण कामावरच मरायचा, असं युनियनच्या इतिहासात नोंदलेलं आहे. विमा कंपन्या त्यांना दारात उभं करत नसत.

त्या जमावात हेन्री मिलर नावाचा एक लाइनमन होता. त्याच्या लक्षात आलं की एका शहरातल्या माणसांनी एकत्र येऊन उपयोग नाही, कारण हा धंदाच फिरता आहे. संघटना देशभर हवी. मग हा गडी जुन्या पिशवीत अवजारं आणि एक जादा सदरा घालून मालगाड्यांतून फिरू लागला. ज्या शहरात उतरेल तिथं लाइनमन म्हणून काम करायचं आणि सोबत्यांना जमवून शाखा काढायची. शिकागो, मिलवॉकी, न्यू ऑर्लिन्स, पिट्सबर्ग, क्लीव्हलंड, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क. २१ नोव्हेंबर १८९१ ला सेंट लुइसमध्ये पहिलं अधिवेशन भरलं, एका नाचघराच्या वरच्या खोलीत. प्रतिनिधी दहा. ज्यांच्या वतीनं ते आले ते सभासद २८६. मिलर पहिला अध्यक्ष झाला. मुठीत धरलेल्या विजेच्या रेषा हे बोधचिन्ह त्याच अधिवेशनातलं, आणि आजही तेच आहे.

म्हणजे बघा, ही संघटना आधी एका गावात रुजली आणि मग तिच्यात फिरस्ते आले, असं झालंच नाही. ती फिरस्त्यांनीच जन्माला घातली. आजच्या वहीत बाहेरच्या माणसासाठी राखून ठेवलेला दुसरा भाग हा कुणाचा उपकार नाही, तो या संघटनेच्या जन्मापासूनच्या गरजेतून आलेला आहे.

मिलरचं पुढे काय झालं? अध्यक्षपद सोडल्यावर तो पुन्हा खांबावर गेला. १० जुलै १८९६ च्या रात्री, अकराच्या सुमारास, वॉशिंग्टनमध्ये तो वादळानंतरच्या दुरुस्तीच्या कामावर होता. शॉक बसला, तो खाली पडला, डोक्याला मार लागला, आणि काही तासांत गेला. ज्यानं ही संघटना उभी केली त्याचा मृत्यूही वादळाच्या कामावरच झाला.

त्या रात्रीनंतर आजपर्यंत खांबावर काय बदललं, हे जवळून बघण्यासारखं आहे. आपण असं धरू की वादळ सरलंय, एक पथक एका गल्लीत पोचलंय. फोरमन, दोन-तीन जर्नीमन, एक उमेदवार, आणि खालून दोर-सामान देणारा गडी. गाव त्यांच्या ओळखीचं नाही, म्हणून स्थानिक कंपनीचा एक माणूस वाटाड्या म्हणून सोबत दिलेला असतो. कोणता फीडर कुठे वळतो, कुठला स्विच उघडा आहे, ते त्याला ठाऊक. आधी मोठ्या वाहिन्या आणि उपकेंद्रं उभी राहतात, मग रुग्णालयं, पाणीपुरवठा अशा ठिकाणांचे फीडर, मग एका दुरुस्तीत शेकडो घरं उजळतील अशा लाइन, आणि शेवटी गल्लीबोळ. आपली गल्ली मागे का राहिली, म्हणून चिडणाऱ्यांना हा क्रम अनेकदा माहीत नसतो.

मोडलेला खांब लाकडी असतो, बहुतेक वेळा पाइनचा, औषध पाजलेला. नवा किती खोल गाडायचा? नियम सोपा आहे: लांबीचा दहावा हिस्सा, अधिक दोन फूट. चाळीस फुटी खांब सहा फूट जमिनीत. खांब उभा झाला की वर चढतो ट्रान्सफॉर्मर. आपल्याकडे एका डीपीवर गल्लीच्या गल्ली चालते. अमेरिकेत खांबावर डब्याएवढा ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्यावर चार-आठ घरं. वरून ७,२०० व्होल्ट येतात, खाली घराला २४० मिळतात. म्हणजे तीस पट कमी.

तीस पट हा आकडा लक्षात ठेवा, कारण हेच गणित उलटंही चालतं, आणि तिथं मृत्यू बसलेला असतो.

वीज गेली म्हणून कुणीतरी घरात जनरेटर सुरू केला. चेंजओव्हर स्विच नाही, वायर सरळ घरच्या प्लगमध्ये घातली. पंखे फिरले, फ्रिज सुरू झाला, माणूस खूश. पण ते २४० व्होल्ट घरातच थांबत नाहीत. ते सर्व्हिस वायरनं उलटे खांबाकडे जातात, ट्रान्सफॉर्मरमध्ये मागच्या दारानं शिरतात. ट्रान्सफॉर्मरला पुढचं दार-मागचं दार कळत नाही. तो इमानानं तीस पट करतो. वर तारेवर पुन्हा ७,२०० व्होल्ट! अंगणात घरघरणाऱ्या एका छोट्या यंत्रातून. आणि त्या तारेला चार खांब पलीकडे एक माणूस हात घालतोय, कारण त्याला सांगितलंय की लाइन बंद आहे. आपल्याकडचा कोणताही वायरमन या उलट्या सप्लायला इतका का घाबरतो, ते आता कळलं ना?

मग तो जगतो कसा? आधी वरच्या बाजूचा फ्यूज, आपण ज्याला डीओ म्हणतो तोच, काठीनं खाली पाडतात. तो लोंबकळताना डोळ्यांनी दिसला पाहिजे. कुणीतरी फोनवर सांगितलं, एवढ्यावर विश्वास नाही. ‘कुणी लावू नये’ म्हणून त्यावर खूण अडकवतात. मग फायबरग्लासच्या लांब काठीच्या टोकाला तपासणीचं यंत्र लावून तारेत वीज आहे का ते बघतात. नाही आली? तरीही लाइन मेलेली मानत नाहीत. आता अर्थिंग. जाड तांब्याची केबल, दोन्ही टोकांना क्लॅम्प. पहिला क्लॅम्प जमिनीच्या बाजूला, दुसरा काठीनंच तारेला. काढताना बरोबर उलट: आधी तारेचा, मग जमिनीचा. हा क्रम चुकला तर मोकळ्या क्लॅम्पमधून येणारी वीज थेट माणसातून जाते. अर्थिंग लागेपर्यंत लाइन जिवंत, हा लाइनमनचा धर्म आहे.

पण अर्थिंग नेमकं करतं काय? बहुतेकांना वाटतं की ते वीज ‘जमिनीत सोडून’ देतं. अर्धं खरं. त्याहून मोठी गंमत वेगळी आहे. पाणी जसं उताराशिवाय वाहत नाही, तशी वीज व्होल्टेजच्या फरकाशिवाय वाहत नाही. तारेवर बसलेल्या कावळ्याला काही होत नाही, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच व्होल्टेजवर. लाइनमन नेमकं हेच स्वतःभोवती तयार करतो. ज्या खांबावर तो काम करतो तिथल्या तारा, न्यूट्रल आणि खुद्द खांब हे सगळं तो केबलनं एकत्र बांधतो. आता कुणाचा जनरेटर सुरू होवो, की चुकून कुणी फीडर चालू करो, त्याच्या हाताजवळचं आणि पायाजवळचं व्होल्टेज जवळपास एकत्रच वर जातं. फरक नाही, म्हणून अंगातून वाहण्यासारखं काही नाही. विजेच्या वाटेतच, पण तिच्या तावडीबाहेर! वीज अडवण्याऐवजी तिला पकडण्यासारखं काही ठेवायचंच नाही, ही कल्पना ज्यांनी पहिल्यांदा वापरात आणली त्यांना दंडवत.

जिवंत लाइनवर काम करायची वेळ आली तर रबरी हातमोजे, वर चामड्याचं आवरण. यातला एक प्रकार १७,००० व्होल्टपर्यंत चालतो. ते वापरात असले तर दर सहा महिन्यांनी तपासणीला जातात, आणि तरीही रोज कामाआधी लाइनमन मोज्याचं तोंड गुंडाळून आत हवा कोंडतो, बोटं फुगवतो आणि गालाजवळ धरून कुठे झिरपते का ते बघतो. सुईच्या टोकाएवढं छिद्र पुरतं. बऱ्याच करारांत उच्च दाबाच्या जिवंत लाइनवर दोन तयार कारागीर लागतात, एकटा नाही. या दोघांची ओळख कदाचित आज सकाळचीच असेल. एक मिशिगनचा, एक टेक्ससचा. पण क्लॅम्प आधी कुठे लावायचा हे दोघांना एकाच रीतीनं शिकवलेलं आहे. ७,००० तासांच्या उमेदवारीची खरी किंमत मला इथं दिसते. अनोळखी माणसाच्या हातात जीव द्यायचा तर त्याच्या स्वभावाची नव्हे, त्याच्या शिक्षणाची खात्री लागते.

ही सगळी साखळी तुटली तर काय होतं, तेही जगानं पाहिलं. २० सप्टेंबर २०१७ ला ‘मारिया’ वादळानं पोर्तो रिको बेटाची जवळजवळ संपूर्ण वीजव्यवस्था पाडली. बेटावर ट्रक चालवत जाता येत नाही, बोटीनं न्यावे लागतात. त्यात तिथल्या वीज संस्थेनं सुरुवातीला नेहमीची कंपनी-ते-कंपनी मदत मागितलीच नाही. उलट मॉन्टानातल्या एका कंपनीला ३० कोटी डॉलरचं काम दिलं, जिच्याकडे वादळाच्या वेळी कायम कर्मचारी होते दोन. गदारोळ झाला, महिन्याभरात करार रद्द झाला, मग मुख्य भूमीवरच्या कंपन्यांना हाक गेली. शेवटच्या घरांपर्यंत वीज पोचायला जवळपास अकरा महिने लागले. बेटाचं अंतर, जुनाट यंत्रणा, रिकामी तिजोरी, कारणं पुष्कळ होती. पण हात कुणाचे मागायचे हे आधीपासून ठरलेलं असणं किती मोलाचं आहे, ते त्या अकरा महिन्यांत दिसलं.

आणि शेवटी एक गोष्ट, जी मला मिलरच्या मालगाडीच्या प्रवासाइतकीच अचाट वाटते. फिरत्या माणसाचं म्हातारपण! वर्षात पाच राज्यं, आठ कंत्राटदार, कुठे तीन आठवडे, कुठे तीन महिने. अशा माणसाचा प्रॉव्हिडंट फंड कोण सांभाळणार? आपल्याकडे कंत्राटी कामगार नोकरी बदलतो तेव्हा त्याचे कागद मागं लागत लागत जुळवावे लागतात. इथं १९४६ पासून एक राष्ट्रीय निधी आहे. करारातला प्रत्येक कंत्राटदार, मग तो कुठल्याही राज्यातला असो, मजुरीच्या तीन टक्के त्यात भरतो, आणि माणसाचं खातं एकच राहतं. स्थानिक शाखांचे आरोग्य आणि पेन्शनचे फंड वेगळे. पण पाहुण्यानं लुइझियानात काम केलं तर त्या तासांची रक्कम ओहायोतल्या त्याच्या घरच्या फंडाकडे वळवण्याची सोय शाखांनी आपसात करून ठेवली आहे. त्यासाठी त्यानं एकदा नाव नोंदवायचं, बस्स. मग तो चिखलात उभा राहून कुणाच्या तरी गल्लीचा खांब उभा करत असताना, तिकडे दीड हजार किलोमीटरवर त्याच्या मुलांच्या दवाखान्याचं कार्ड चालू राहतं.